एक फणा, अनेक अर्थ : वऱ्हाडातील धर्मपरंपरा आणि नाग

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाची काळी मूर्ती आहे. ध्यानस्थ बसलेल्या तीर्थंकराच्या मस्तकावर नागाचा फणा पसरला आहे. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा होईपर्यंत हे गाव अकोला जिल्ह्यात मोडत असे. याच वऱ्हाडात श्रावण शुद्ध पंचमीला शेतकऱ्याच्या घरात नागोबाचे चित्र काढून त्याला लाह्या आणि दूध दाखवले जाते. येथील बौद्ध वस्त्यांत ‘नाग’ हा शब्द एका मानवी वंशाची आठवण म्हणून उच्चारला जातो. चर्चमध्ये सर्प पहिल्या मोहाच्या कथेत येतो, आणि कुराणात सांगितलेल्या आदमच्या कथेत सर्पाचे नावही निघत नाही.

प्राणी एकच, पण तो कुठे देव, कुठे रक्षक, कुठे साधक, कुठे पूर्वज आणि कुठे वैरी ठरतो. प्रत्येक परंपरेचा एक मुख्य प्रश्न असतो: जग कशावर टिकून आहे, मुक्ती कशी मिळते, पाप कोठून आले, आपण कोण आहोत. नागाचा अर्थ त्या प्रश्नाच्या उत्तरातून घडत जातो. अमरावती-अकोला भागात या सर्व परंपरा शेजारी शेजारी नांदत असल्याने हा फरक येथे ग्रंथांत आणि व्यवहारात दोन्हीकडे पाहता येतो.

शब्दाची व्याप्ती

आजच्या मराठीत नाग म्हणजे फणा काढणारा विषारी साप. संस्कृत आणि पाली ग्रंथांत मात्र या शब्दाला किमान चार अर्थ आहेत: फणाधारी साप, हत्ती, पाताळात किंवा पाण्यात राहणारी दैवी योनी आणि त्या नावाचे मानवी कुळ. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात विभूती सांगताना सर्पांमध्ये वासुकी आणि नागांमध्ये अनंत अशी वेगवेगळी नावे येतात. म्हणजे त्या ग्रंथाच्या दृष्टीने सर्प आणि नाग हे दोन वर्ग आहेत. ग्रंथातील ‘नाग’ शब्दाचा कोणता अर्थ धरायचा यावरच पुढचे बरेचसे मतभेद उभे राहिले.

वेदांतही एकच भूमिका नाही. ऋग्वेदातील वृत्राला ‘अही’ म्हटले आहे. तो पाणी अडवून धरतो आणि इंद्र त्याला मारतो. पण त्याच ऋग्वेदात ‘अहिर्बुध्न्य’, म्हणजे तळाशी राहणारा सर्प, कल्याणकारी देवता म्हणून येतो. भीती आणि आदर यांची ही जोडी पुढच्या जवळजवळ प्रत्येक परंपरेत टिकली.

शेतकऱ्याचा नागोबा

वऱ्हाडात श्रावण हा कपाशीच्या निंदण-डवरणीचा महिना. पावसाने बिळे भरली की साप बाहेर पडतात, उंदरांमागे बांधावर आणि घरापर्यंत येतात. नेमक्या याच काळात नागपंचमी येते. या दिवशी शेतात औत चालवायचे नाही, जमीन खणायची नाही, घरात काही चिरायचे नाही आणि चुलीवर तवा ठेवायचा नाही, असा दंडक जुन्या घरांतून पाळला जातो. वारुळाची पूजा होते. साप चावला असे थेट न म्हणता ‘पान लागले’ म्हणण्याची रीतही याच धाकातून आली.

या दंडकामागे व्रतकथा आहे. नांगराच्या फाळाखाली नागिणीची पिल्ले सापडून मरतात. नागीण चिडून शेतकऱ्याच्या सगळ्या कुटुंबाला दंश करते आणि सासरी असलेल्या त्याच्या मुलीला शोधत जाते. ती मुलगी पाटावर नाग काढून त्याची पूजा करत असते. ते पाहून नागीण शांत होते, तिला अमृत देते आणि त्या अमृताने माहेरची माणसे उठून बसतात. या कथेतील नाग चांगला किंवा वाईट असा ठरवलेला नाही. तो जमिनीचा पहिला रहिवासी आहे. शेतकऱ्याने त्याच्या घरावर नांगर फिरवला, म्हणून त्याची परतफेड करणे हा व्रताचा गाभा. लोकधर्माचा प्रश्न शेजाराचा आहे: एकाच मातीत राहणाऱ्या दोघांनी एकमेकांना कसे सांभाळायचे.

विदर्भातील नागभक्तीचे मोठे रूप नागद्वार यात्रेत दिसते. मध्य प्रदेशातील पचमढीजवळच्या सातपुड्यात, डोंगरकपारीतल्या या स्थानाकडे नागपंचमीच्या आधीच्या दिवसांत यात्रेकरूंची रीघ लागते. त्यांत विदर्भातील भाविकांचा भरणा मोठा असतो. वाट अरण्यातून आणि कड्यांवरून जाते, आणि हे क्षेत्र व्याघ्र प्रकल्पात असल्याने ती वर्षातील हे थोडे दिवसच खुली असते.

शेष, कालिया आणि तक्षक

पुराणे आणि महाभारत यांत नागांना नावे, आईबाप आणि स्वभाव आहेत. कश्यप आणि कद्रू यांची ही संतती. त्यांतला शेष तप करून पृथ्वी तोलून धरण्याचे काम स्वीकारतो आणि विष्णूची शय्या होतो. वासुकी समुद्रमंथनाचा दोर होतो आणि शिवाच्या गळ्यातही शोभतो. वैष्णव परंपरेत शेष हा आदर्श सेवक. लक्ष्मण आणि बलराम त्याचेच अवतार मानले जातात. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी असलेले कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. भागवतातील रुक्मिणीहरणाच्या कथेत बलराम यादवांचे सैन्य घेऊन येथे येतो आणि पकडलेला रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याला सोडवतो. विदर्भाच्या या कथेतला शेषावतार संयमाची बाजू घेणारा आहे.

कालियाची कथा याहून वेगळी. यमुनेचे पाणी विषारी करणाऱ्या या नागाच्या फण्यांवर कृष्ण नाचतो, पण नागपत्नींच्या विनवणीनंतर त्याला मारत नाही. तो त्याला रमणक द्वीपावर परत पाठवतो आणि तुझ्या मस्तकावर उमटलेल्या माझ्या पावलांमुळे गरुड तुला खाणार नाही, असे अभय देतो. म्हणजे दमनाची खूणच त्याला संरक्षण देते. भक्तिपरंपरेने या कथेचा अर्थ अहंकाराशी जोडला: फणा म्हणजे वर उचललेला ‘मी’, आणि त्यावर पडलेले पाऊल म्हणजे कृपा.

महाभारताच्या आदिपर्वात नागांचे तिसरे रूप येते. अर्जुन आणि कृष्ण खांडववन जाळतात, तेथे तक्षकाचे घर असते. पुढे तक्षकाच्या दंशाने अर्जुनाचा नातू परीक्षित मरतो, त्याचा मुलगा जनमेजय सर्पसत्र, म्हणजे सर्पांच्या संहाराचा यज्ञ, मांडतो आणि आस्तिक ते थांबवतो. आस्तिकाचा पिता ब्राह्मण आहे आणि आई वासुकीची बहीण, म्हणजे नागकन्या. दोन्ही कुळांचे रक्त असलेला माणूस सूडाची साखळी तोडतो, ही या कथेतली लक्षणीय गोष्ट. सर्पसत्र थांबले तो दिवस पंचमीचा, अशीही नागपंचमीची एक उपपत्ती सांगितली जाते.

तत्त्वज्ञानाने नागाला आणखी दोन अर्थ दिले. अंधारात दोरी सापासारखी दिसते, या दृष्टांताने वेदान्ताने जगाचे भासमान स्वरूप समजावले. गौडपादांच्या कारिकेत तो येतो आणि पुढे अद्वैताचा ठरलेला दृष्टांत बनतो. येथे साप म्हणजे अज्ञान. उलट नाथ-योग परंपरेत कुंडलिनी ही वेटोळे घालून निजलेली नागीण आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ती कोवळ्या, रंगाने उजळलेल्या पिल्लाच्या रूपात वर्णिली आहे. येथे तोच साप ज्ञानाकडे नेणारी शक्ती होतो. एकाच संतपरंपरेत दोन्ही दृष्टांत चालतात, कारण एकाचा विषय पाहण्यातली चूक आहे आणि दुसऱ्याचा देहात दडलेले सामर्थ्य.

महानुभावांची भूमिका

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचे हे स्थान महानुभाव पंथाचे मोठे तीर्थ. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी मांडलेल्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार स्वतंत्र पदार्थ आहेत. देवता असंख्य आहेत, त्यांच्या पायऱ्या आहेत आणि त्या आपापल्या मगदुराप्रमाणे फळ देतात. मोक्ष मात्र केवळ परमेश्वर देतो.

या मांडणीत क्षीराब्धीतला शेषशायी विष्णूही देवतांच्या चढत्या पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसतो. महानुभाव कृष्णाला परमेश्वराचा अवतार मानतात, विष्णूचा नव्हे. त्यामुळे शेष आणि शेषशायी यांचे वैष्णव कथेतील मध्यवर्ती स्थान येथे उरत नाही. नागाची पूजा ही देवतेची पूजा ठरते आणि अनन्यभक्तीच्या आड येते. तरी नागाला मारण्याची मुभा मिळत नाही, कारण अहिंसा हा या पंथाच्या आचारधर्माचा पाया आहे. पूजा नाही, हिंसाही नाही, अशी ही भूमिका आहे.

पार्श्वनाथाच्या मस्तकावरील छत्र

जैन परंपरेत पार्श्वनाथ हे तेविसावे तीर्थंकर आणि नाग हे त्यांचे लांछन, म्हणजे ओळखीचे चिन्ह. त्यांच्या कथेत नाग दोनदा येतो. राजपुत्र असताना पार्श्व पंचाग्नी तप करणाऱ्या एका तापसाला भेटतात. जळणाऱ्या ओंडक्यात जीव होरपळतो आहे हे त्यांना ज्ञानाने कळते. ओंडका फोडल्यावर आतून अर्धमेला नाग निघतो. काही कथांत एकच, काहींत नाग-नागिणीची जोडी. मरताना कानांवर पडलेल्या नमस्कार मंत्रामुळे नागाला पुढच्या जन्मी धरणेंद्र हे देवपद मिळते. जोडीच्या कथेत नागीण पद्मावती होते. तो तापसही मरून देव होतो आणि जुने वैर धरून ध्यानस्थ पार्श्वांवर प्रचंड पाऊस पाडतो. तेव्हा धरणेंद्र फणा पसरून त्यांचे रक्षण करतो. वैर धरणाऱ्या या देवाला दिगंबर ग्रंथ संवर किंवा शंबर म्हणतात, श्वेतांबर ग्रंथ मेघमाली.

या कथेचा रोख कर्मावर आणि अहिंसेवर आहे. बाह्य तपाच्या आगीत जीव जळत असेल तर ते तप व्यर्थ, हा पहिला धडा. दुसरा धडा असा, की पार्श्व वैरी आणि रक्षक या दोघांकडेही समभावाने पाहतात. फणा असो वा नसो, त्यांचे ध्यान ढळणार नव्हते. धरणेंद्र तीर्थंकराला काही देत नाही, तो केवळ ऋण फेडतो. जैन विश्वरचनेत नागकुमार हा भवनवासी देवांचा एक प्रकार आहे. हे देव सुखी असले तरी संसारातच आहेत आणि त्यांनाही पुन्हा जन्म घ्यावा लागतो.

श्वेतांबरांच्या कल्पसूत्रातील पार्श्वचरित्रात फण्याचा प्रसंग नाही. तो नंतरच्या चरित्रग्रंथांत विस्ताराने आला. दिगंबरांमध्ये नवव्या शतकातील गुणभद्रांच्या उत्तरपुराणात तो सविस्तर आहे. ‘पार्श्व’ या नावाचीही नागाशी जोडलेली व्युत्पत्ती आहे: श्वेतांबर परंपरेनुसार गर्भवती वामादेवीला अंधारात आपल्या पार्श्वभागी, म्हणजे कुशीजवळून, काळा सर्प सरपटताना दिसला. मूर्तिशास्त्रात फण्यांची संख्याही बोलते. पार्श्वनाथाला बहुधा सात फणे असतात आणि सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांना पाच. सुपार्श्वनाथाचे लांछन स्वस्तिक असल्याने केवळ फणा पाहून मूर्ती ओळखली तर चूक होऊ शकते.

शिरपूरच्या मूर्तीची कथा अचलपूरच्या राजाशी जोडलेली आहे. त्वचारोगाने त्रासलेल्या राजाला एका तळ्याच्या पाण्याने गुण येतो, तेथे ही मूर्ती सापडते, तो ती गाडीतून नेऊ लागतो आणि मागे वळून पाहताच मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी थांबते. म्हणून ‘अंतरिक्ष’. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात या तीर्थावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. पूजेच्या हक्कावरून आणि मूर्तीला लेप, डोळे, कटिसूत्र असावे की नसावे यावरून दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यात येथे दीर्घकाळ न्यायालयीन वाद चालला. १९८१ पासून बंद असलेले मंदिर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले. मस्तकावरचा फणा धरणेंद्राचा, हे मात्र दोन्ही पक्षांना सारखेच मान्य आहे.

मतभेद दिगंबरांच्या अंतर्गतही आहे. बीसपंथी परंपरा धरणेंद्र आणि पद्मावती यांची शासनदेवता म्हणून पूजा करते. तेरापंथी ही पूजा नाकारतात, कारण वंदन वीतरागाला, म्हणजे आसक्ती जिंकलेल्याला, करावे, संसारी देवाला नाही. भट्टारकांच्या गाद्यांमुळे प्रसिद्ध असलेले कारंजा हे वऱ्हाडातील दिगंबर विद्येचे जुने केंद्र. पुष्पदंत या दहाव्या शतकातील कवीचे ‘णायकुमारचरिउ’ हे अपभ्रंश काव्य १९३३ मध्ये कारंजा येथूनच प्रसिद्ध झाले. त्याचे संपादन अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी केले. विहिरीत पडलेल्या राजपुत्राला नाग सांभाळतो म्हणून त्याचे नाव नागकुमार पडते, आणि पंचमीच्या व्रताचे फळ सांगणे हा त्या काव्याचा हेतू आहे.

तिथींचा मेळही पाहण्यासारखा आहे. पार्श्वनाथांचे निर्वाण दिगंबर श्रावण शुद्ध सप्तमीला मानतात, श्वेतांबर अष्टमीला. म्हणजे गावात पंचमीला नागोबाची पूजा झाली की दोनतीन दिवसांतच जैन मंदिरांत नागछत्रधारी तीर्थंकराचा मोक्षदिन येतो.

मुचलिंद आणि वारुळातला नाग

बुद्धाच्या चरित्रातही फण्याचे छत्र आहे. बोधिप्राप्तीनंतरच्या आठवड्यांत एकदा सात दिवस अवकाळी पाऊस पडतो. मुचलिंद नावाचा नागराज बुद्धांभोवती वेटोळे घालून डोक्यावर फणा धरतो आणि आकाश निवळल्यावर तरुणाचे रूप घेऊन नमस्कार करतो. विनयपिटकातील महावग्गात ही हकीकत आहे. पार्श्वनाथाच्या कथेशी तिचे साम्य उघड आहे, पण येथे कोणी वैरी नाही आणि पूर्वजन्मीचे ऋणही नाही. निसर्गातील एक शक्ती ज्ञानी पुरुषाचा आदर करते, एवढेच.

त्याच महावग्गात एका नागाची करुण गोष्ट आहे. नागयोनीला कंटाळून तो माणसाचे रूप घेतो आणि भिक्खू होतो. झोपेत त्याचे खरे रूप उघड होते. बुद्ध त्याला सांगतात की या धम्मविनयात तुझी वाढ होणार नाही. उपोसथ पाळ म्हणजे तुला मनुष्यजन्म मिळेल. तेव्हापासून उपसंपदेच्या, म्हणजे भिक्खूच्या पूर्ण दीक्षेच्या, वेळी उमेदवाराला ‘तू मनुष्य आहेस ना?’ असे विचारले जाते. थायलंडमध्ये प्रव्रज्येपूर्वी उमेदवाराला ‘नाग’ म्हणण्याची चाल याच कथेशी जोडली जाते. जातककथांमध्ये चंपेय्य, शंखपाल असे शीलवान नाग बोधिसत्त्वाचे पूर्वजन्म म्हणून येतात. ही दोन्ही जातके अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात चितारलेली आहेत.

मज्झिमनिकायातील वम्मिक सुत्त मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटावे, कारण त्याचा विषय वारूळ आहे. गुरू शिष्याला ते खणत जायला सांगतो. एकामागून एक वस्तू निघतात, त्या बाजूला टाकायच्या असतात. शेवटी नाग निघतो, तेव्हा आज्ञा होते की त्याला धक्का लावू नको, नमस्कार कर. बुद्ध उकल करतात: वारूळ म्हणजे देह, खणण्याचे शस्त्र म्हणजे प्रज्ञा आणि नाग म्हणजे आस्रव, म्हणजे चित्ताचे मळ, क्षीण झालेला भिक्खू. पंचमीला शेतकरी वारूळ न खणता नागाला नमस्कार करतो. हे सुत्त वारूळ पूर्ण खणायला लावते आणि मग नमस्कार करायला सांगते. आदर दोन्हीकडे आहे, पण एकीकडे तो जपणुकीचा आहे आणि दुसरीकडे शोधाचा.

त्याच निकायातील अलगद्दूपम सुत्तात साप धर्मग्रंथाचेच रूपक होतो. साप शेपटीकडून धरला तर तो उलटून चावतो. धम्मही चुकीच्या रीतीने धरला, केवळ वादात जिंकण्यासाठी पाठ केला, तर तो घात करतो. महायान परंपरेत नाग ग्रंथांचे राखणदार आहेत. आचार्य नागार्जुनांनी प्रज्ञापारमितेचे ग्रंथ नागलोकातून आणले असे ती सांगते. तिबेटी परंपरेनुसार या नागार्जुनांचा जन्म विदर्भातला.

पाचव्या शतकात वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. या शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करवले. त्याच्या जिन्यात वेटोळ्यावर बसलेला नागराज कोरलेला आहे. एकोणिसाव्या लेण्याबाहेर राणीसह बसलेल्या नागराजाचे शिल्प आहे. विहारात शिरणाऱ्याला प्रथम नागाचे दर्शन होते.

नाग म्हणजे माणसे

वाकाटकांच्या काळातील ताम्रपट आणखी एका अर्थाकडे नेतात. अचलपूरजवळच्या चम्मक येथे सापडलेल्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटात पहिला रुद्रसेन हा भारशिव घराण्यातील भवनाग महाराजाच्या मुलीचा मुलगा असल्याचे म्हटले आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या ताम्रपटांत तिची आई कुबेरनागा नागकुळातली असल्याची नोंद येते. तिचा एक ताम्रपट रिद्धपूरलाच मिळाला. अमरावती जिल्ह्याच्या मातीतून निघालेल्या या लेखांत नाग हे सोयरिकी करणारे राजघराणे आहे.

ग्रंथांतील नाग म्हणजे मुळात माणसांचे समूह, ही मांडणी अनेक अभ्यासकांनी केली. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये खांडवदाहाकडे अरण्यातील रहिवाशांना उखडून जमीन मिळवण्याची घटना म्हणून पाहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात नाग आणि द्रविड ही एकाच लोकांची दोन नावे असल्याचे प्रतिपादन केले: एक वंश-संस्कृतीचे, दुसरे भाषेचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नागपूर का निवडले हे सांगितले. भारतात बौद्ध धम्माचा प्रसार प्रामुख्याने नाग लोकांनी केला, त्यांची वस्ती या भागात होती आणि नाग नदीचे नाव त्याची साक्ष आहे, असा त्याचा आशय होता.

या अर्थाने वऱ्हाडातील बौद्धांच्या आत्मभानाला मोठा आधार दिला. अकोल्यात दसऱ्याच्या सुमारास भरणाऱ्या धम्म मेळाव्याला खेड्यापाड्यांतून माणसे येतात, त्यामागे हीच १९५६ ची प्रेरणा आहे. अनेक बौद्ध कुटुंबे नागपंचमीकडेही याच दृष्टीने पाहतात: अनंत, वासुकी, तक्षक अशी नावे असलेल्या पाच नागराजांच्या स्मरणाचा दिवस सापांच्या पूजेचा दिवस झाला, असे ते मांडतात. येथे नागाला प्रतीक म्हणणेच अपुरे ठरते, कारण या वाचनात प्रतीकामागे खरी माणसे आहेत. पुराणकथेतला सर्पसत्राचा अग्नी मग यज्ञकुंडातून बाहेर येऊन इतिहासातील संहाराची खूण होतो.

बायबल आणि कुराण

ख्रिस्ती परंपरा वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकातील मिशनांबरोबर रुजली. अकोला हे अलायन्स मिशनचे मोठे केंद्र होते, तर अमरावतीचा कॅथोलिक धर्मप्रांत १९५५ मध्ये स्थापन झाला. बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात एदेन बागेतील सर्प स्त्रीला निषिद्ध फळ खाण्यास भुलवतो आणि पोटाने सरपटण्याचा शाप भोगतो. मूळ कथेत हा सर्प शेतातील प्राण्यांपैकी सर्वांत धूर्त एवढाच आहे. सैतान हा शब्द तेथे नाही. नव्या करारातील प्रकटीकरणाच्या पुस्तकात जुना सर्प म्हणजे सैतान हे समीकरण स्पष्ट होते आणि ख्रिस्ती वाचन त्यावर स्थिरावते. यहुदी भाष्यकारांनी मात्र या सर्पाकडे कधी खराखुरा प्राणी म्हणून, कधी माणसाच्या मनातील दुष्प्रवृत्ती म्हणून पाहिले.

पुढे मोशेच्या काळी वाळवंटात सर्पदंशाने लोक मरू लागतात, तेव्हा खांबावर पितळेचा सर्प उभारला जातो आणि त्याच्याकडे पाहणारा वाचतो. योहानाच्या शुभवर्तमानात हाच उंचावलेला सर्प क्रूसावरील ख्रिस्ताची पूर्वखूण ठरतो. पण लोक त्या पितळी सर्पापुढे धूप जाळू लागल्यावर हिज्कीया राजाने तो फोडून टाकला, अशीही नोंद बायबलमध्ये आहे. महानुभाव आणि तेरापंथी यांना पडलेला प्रश्न येथेही दिसतो: तारणाऱ्याकडे बोट दाखवणारे चिन्ह स्वतःच पूज्य झाले तर काय करायचे.

कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातही फरक आहे. उत्पत्तीमधील सर्पाचे डोके कोण ठेचणार, या वाक्यातील सर्वनामाचे जुने लॅटिन भाषांतर ‘ती’ असे झाले होते. त्यामुळे मरियेच्या अनेक मूर्तींत तिच्या पायाखाली सर्प दाखवतात. हिब्रू मूळ पाहणाऱ्या प्रोटेस्टंटांनी तेथे स्त्रीची संतती, म्हणजे ख्रिस्त, वाचला. १९७९ च्या नव्या लॅटिन पाठातही कॅथोलिक चर्चने सर्वनाम बदलले. एका सर्वनामातून मूर्तिकलेची शतके घडली. मरियेच्या पायाखालचा सर्प आणि कृष्णाच्या पायाखालचा कालिया ही चित्रे सारखी दिसतात. मात्र पहिल्यात पाऊल पडणे हा शत्रूचा शेवट आहे, आणि दुसऱ्यात तेच पाऊल त्याला अभय देते.

कुराणात आदम आणि त्यांच्या पत्नीला फसवणारा इब्लिस म्हणजे सैतानच आहे; बागेच्या कथेत सर्प येत नाही, आणि चूक दोघांची मानली आहे. नंतरच्या काही भाष्यांत आणि पैगंबरकथांत सर्पाने इब्लिसला तोंडात लपवून बागेत नेल्याचे वर्णन आले. हे तपशील आधीच्या यहुदी-ख्रिस्ती कथांतून आल्याचे सांगून अनेक भाष्यकार त्यांना कुराणाच्या पाठापासून वेगळे ठेवतात. मूसा (बायबलमधील मोशे) यांच्या काठीचा सर्प मात्र कुराणात वारंवार येतो आणि त्यासाठी तीन वेगवेगळे अरबी शब्द वापरले आहेत. भाष्यकारांनी त्यांतून त्याचा आकार आणि वेग यांचा मेळ घातला. येथे सर्प ईश्वरी सामर्थ्याची निशाणी आहे. हदीसमध्ये घरात आढळणाऱ्या सापाविषयी वेगळाच नियम मिळतो: तो श्रद्धावान जिन्न असू शकतो, म्हणून आधी इशारा द्यावा आणि तीन दिवस थांबावे. जीवाला धोका असलेल्या ठिकाणी मात्र नमाज चालू असतानाही साप-विंचू मारण्यास परवानगी आहे.

फरक कोठून येतो

या सर्व वाचनांमध्ये सापाचे काही प्रत्यक्ष गुण समान आहेत. तो जमिनीखाली राहतो, म्हणून पाताळ, खजिना आणि पूर्वज यांच्याशी जोडला जातो. कात टाकतो, म्हणून पुनर्जन्म आणि आरोग्य यांचे चिन्ह होतो. पावसात बाहेर येतो, म्हणून पाण्याचा स्वामी ठरतो. दंशाने मारतो, म्हणून मोह, पाप आणि अज्ञान यांची उपमा बनतो. फणा उभारतो, म्हणून छत्र होतो. प्रत्येक परंपरेने यांतला आपल्या शिकवणीला लागणारा गुण उचलला. जैनांनी होरपळणारा जीव पाहिला, बौद्धांनी शीलाने वर चढू पाहणारी योनी, वैष्णवांनी भार वाहणारा सेवक, महानुभावांनी मोक्ष न देणारी देवता, आंबेडकरी बौद्धांनी पूर्वज, ख्रिस्ती धर्माने मोहाचा आवाज आणि तारणाची खूणही. इस्लामने पापाचा दोष प्राण्यावर न टाकता इब्लिस आणि माणूस यांच्याकडेच ठेवला.

प्रत्यक्ष नागाला या अर्थांचा भार सोसावा लागतो. साप दूध पचवू शकत नाही. पूर्वी पंचमीच्या आधी गारुडी नाग पकडून त्यांचे दात काढत आणि त्यांना उपाशी ठेवत, त्यात अनेक नाग मरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडणे आणि त्यांचे खेळ करणे हा गुन्हा ठरला. आता चित्राची किंवा मातीच्या नागाची पूजा होते, आणि व्रतकथेतील मुलीनेही पाटावरच्या चित्राचीच पूजा केली होती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचा दंश झाल्यास मंत्र-तंत्रात वेळ न घालवता दवाखान्यात प्रतिविष घेणे हाच उपाय आहे, हे कोणत्याही परंपरेच्या श्रद्धेशी विसंगत नाही.

नागाला पूज्य मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या परंपरा एका बाबतीत जवळ येतात. व्रतकथा, पार्श्वचरित्र, वम्मिक सुत्त, महानुभावांचा आचार आणि घरातल्या सापाला मुदत देणारी हदीस हे सगळे सापासमोर उचललेला हात आधी थांबवायला सांगतात. त्यामागची कारणे मात्र प्रत्येकाची वेगळी आहेत, आणि ती समजून घेतली की शेजारच्या घरातला, मंदिरातला, विहारातला आणि प्रार्थनास्थळातला नाग परका वाटत नाही.